थरारपटातला थरार येतो कुठून?



तिसरी-चौथीतली मुलं हल्ली मोबाईलवर थरारपटांचे तुकडे बघतात आणि रात्री एकटं पाणी प्यायला उठायलाही घाबरतात. "अरे, खोटं असतं ते!" असं आपण सांगतो. पण तेवढ्यानं भीती जात नाही. ते खोटं कसं तयार करतात हे मुलांना दाखवलं, तर मात्र फरक पडतो. त्यासाठी आधी आपण ते समजून घेऊया.

१) कोणाला किती माहीत आहे?

साताऱ्याहून सांगलीला निघालेली एसटी डोळ्यांसमोर आणा. प्रवासी गप्पा मारतायत आणि एकदम चाक निखळतं. आपण दचकतो, संपलं. आता गोष्ट थोडी बदलू. सातारा स्टँडवरच कॅमेरा आपल्याला चाकाचे सैल नट दाखवतो. ड्रायव्हरला त्याचा पत्ता नाही. उंब्रज गेलं, कराड गेलं, पेठ नाका आला. प्रवासी तेच, गप्पा त्याच, पण आता आपला जीव टांगणीला लागलेला असतो. हिचकॉक हा प्रसिद्ध दिग्दर्शक हाच फरक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगायचा. बॉम्ब अचानक फुटला तर नुसता धक्का बसतो, आधी दाखवला तर ताण वाढत जातो.

२) माहिती राखून ठेवणे

याच्या उलट पद्धत 'पाठलाग' (१९६४) या मराठी चित्रपटात दिसते. दिग्दर्शक राजा परांजपे मूळचे मिरजेचे. गीतकार गदिमा आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे. गायिका आशा भोसले यांचा जन्मही सांगलीचा. एका वकिलाची पत्नी वारलेली असते. पुढे पोलीस हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री पकडतात आणि ती म्हणते, मीच तुमची बायको! इथे खरं काय ते फक्त तिला माहीत. वकील आणि आपण दोघंही अंधारात. म्हणून कोर्टातला प्रत्येक प्रश्न आपण कान देऊन ऐकतो. याच कथेवर १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' निघाला. शेवट मी सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा.

३) आवाज

हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) चित्रपटाला बर्नार्ड हर्मन यांनी फक्त तंतुवाद्यांचं संगीत दिलं. त्या कर्कश सुरांनीच प्रेक्षक हादरले. आणि मुलांना हेही सांगा, की त्या कृष्णधवल चित्रपटातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं!

४) चौकट आणि संकलन

पूर्ण माणूस न दाखवता नुसते पाय किंवा कडीवरचा हात दाखवला, की उरलेलं आपलं मन रंगवतं. शॉट लांबवला की वाट पाहणं वाढतं, भराभर बदलला की धडधड वाढते.

वर्गातील उपक्रम : एक विद्यार्थी वर्गाच्या बंद दाराकडे चालत जाईल. मोबाईलवर हे तीनदा टिपा. पहिल्यांदा साधं, लांबून. दुसऱ्यांदा फक्त पाय. तिसऱ्यांदा फक्त कडीवरचा हात, आणि मागे एकानं बाकावर हळूहळू टकटक करायची. मग विचारा, "भीती कुठे वाटली? का?" दारामागे काहीच नव्हतं, हे मुलांनी स्वतः पाहिलेलं असतं. कथालेखनालाही हा उपक्रम उपयोगी पडतो. 'अचानक भूत आलं' याऐवजी मुलं आधी कडी वाजवायला शिकतात.

पालकांसाठी : मूल एखाद्या दृश्याला घाबरलं असेल, तर तेच दृश्य दिवसा, शेजारी बसून, आवाज बंद करून पाहा. पण त्याची तयारी असेल तरच, जबरदस्ती नको. आणि मुळात 'यूए'च्या पुढे लिहिलेलं ७+, १३+, १६+ हे वय वाचूनच चित्रपट लावा. 'सायको' मुलांना सांगायचा आहे, दाखवायचा नाही.

उपक्रम करून पाहा आणि तुमच्या वर्गातली मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.