सूप थोपटले की दाणे का सरकतात?

सुपात मूठभर भात घ्या. सूप थोडे तिरके धरा. दाणे जागच्या जागी राहतात. आता सुपाला खालून बोटांनी टिचक्या मारा. दाणे हळूहळू खाली सरकू लागतात. सूप तेवढेच तिरके आहे. दाणेही तेच आहेत. मग फरक कशाने पडला? थरथरीने.

पाखडणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावे लागत नाही. आम्ही फक्त त्यामागचे कारण सांगतो.

वस्तू कितीही गुळगुळीत दिसली तरी तिच्या अंगावर बारीक उंचवटे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. एका वस्तूवर दुसरी ठेवली की हे उंचवटे एकमेकांना धरून ठेवतात. या धरण्याला घर्षण म्हणतात. वरून भार जास्त, तर पकड जास्त. थरथर झाली की वरची वस्तू क्षणभर हलकी होते. तेवढ्यात पकड ढिली पडते आणि वस्तू उताराकडे केसभर सरकते. पुन्हा टेकते, पुन्हा हलकी होते. केसभर, केसभर करत हातभर जाते.

नट-बोल्टचे तसेच आहे. घट्ट आवळलेला नट घर्षणानेच जागी राहतो. यंत्र रात्रंदिवस थरथरत असेल तर तो हळूहळू उलटा फिरतो. म्हणून त्यावर दुसरा नट आवळतात. त्याला चेकनट म्हणतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या आपल्या पोरांना विचारा, पान्हा घेऊन नट तपासणे हे रोजचेच काम असते. पालघर, बोईसरवरून जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांवरही एक माणूस रोज पायी फिरतो. त्याला कीमॅन म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्याने काही ढिले झाले आहे का, ते तो पाहतो. गाडीत बसणाऱ्याला तो दिसतही नाही!

गंजलेला नट निघत नसेल तर मेकॅनिक त्यावर हातोडीने हलके ठोके मारतो. तिथे हीच थरथर कामाला येते.

आता आपल्या पायाखालची गोष्ट. जमिनीच्या पोटात खडकांना मोठमोठ्या भेगा असतात. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर दाबलेले असतात. घर्षण त्यांना धरून ठेवते. आतला ताण वर्षानुवर्षे वाढत जातो. तो घर्षणाहून जास्त झाला की खडक एकदम सरकतो. त्या झटक्याने जमीन हादरते. तोच भूकंप.

एका भूकंपाची थरथर दूरच्या, सरकायला आलेल्या भेगेलाही हलवू शकते. १९९२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्याच्या लाटा पोचल्या तशा हजार किलोमीटरहून लांब यलोस्टोन भागातही लहान धक्के सुरू झाले. सुपाला टिचकी मारावी तसेच ते झाले.

आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले. एक झाला की दुसरा. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून पळताना पडून एक लहान मुलगी दगावली. घरांना तडे गेले. लोक थंडीत तंबूंत झोपले. हैदराबादच्या भूभौतिक संस्थेने तिथे यंत्रे बसवली.

घरात पाहा. पत्रा उडू नये म्हणून आपण वर दगड ठेवतो. तो दगड फक्त घर्षणाने बसलेला असतो. कौलांचे पुष्कळसे तसेच. माळ्यावरचे हंडे, फळीच्या कडेचा वरवंटा, तेही तसेच. एरवी ते वर्षभर हलत नाहीत, म्हणून आपल्याला ते पक्के वाटतात. हादऱ्यात मात्र सुपातल्या दाण्यासारखे सरकतात, आणि खाली माणूस असतो. जड भांडी जमिनीवर ठेवा. पत्रा दगडाऐवजी हुकाने आवळा. निजायची जागा फळीखाली नको, आणि दारातली वाट रात्री मोकळी असू द्या.