उपग्रहाधारित मोजणी यंत्राची शेतावर पारख

उपग्रहांच्या साह्याने जागा दाखविणारे यंत्र (रिसीव्हर) आता मोबाईल, ट्रॅक्टर व ड्रोनमध्येही आढळते. त्यावर क्षेत्र मोजून नांगरणी व फवारणीचे भाडे ठरविले जाते. म्हणून त्याची पारख करणे जरुरीचे आहे.

यंत्र कसे चालते?
उपग्रहाचा संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते. त्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाल्यास अंतरात ३०० मीटरची चूक येते.

वाहन तशी कसोटी
बस किंवा मालमोटारीस रस्ता ओळखण्यापुरती ५ ते १० मीटरची चूक चालते; तेथे यंत्राला धक्के, धूळ व उष्णता सोसावी लागते. मासेमारीच्या होडीवर आकाश मोकळे असते, पण खाऱ्या पाण्यापासून यंत्राचा बचाव व्हावा लागतो. विमानात अचूकतेबरोबरच, संदेश चुकल्यास काही सेकंदांत इशारा मिळणे आवश्यक असते. याच गरजेसाठी भारताने 'गगन' ही प्रणाली उभारली. ट्रॅक्टरने ओळीत पेरणी करावयाची तर चूक २ ते ३ सें.मी. च्या आत हवी. त्यासाठी जवळच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती मिळावी लागते. साध्या मोबाईलकडून ही अपेक्षा करू नये.

चुकीची किंमत
चौरस आकाराच्या १० गुंठ्यांची बाजू सुमारे ३१.८ मीटर असते. प्रत्येक बाजू ३ मीटर जास्त धरली गेल्यास क्षेत्र सुमारे १२ गुंठे भरते. म्हणजे भाडे २० टक्के जास्त द्यावे लागते आणि त्या हिशेबाने तणनाशक मारल्यास पिकाला इजा होण्याचा धोका असतो. तीच चूक एक हेक्टरच्या चौरसात सुमारे ६ टक्केच होते. क्षेत्र जितके लहान, तितकी काळजी जास्त.

पारख अशी करावी
१) मोकळ्या जागी एक पक्की खूण करावी. तीन दिवस सकाळी, दुपारी व सायंकाळी यंत्र खुणेवर १५ मिनिटे ठेवून नोंद घ्यावी. नोंदी किती मीटरने हलतात ते पाहावे.
२) टेपने मोजलेल्या तुकड्याभोवती यंत्र घेऊन तीन वेळा फिरावे व क्षेत्र ताडून पाहावे.
३) दाट झाडाखाली व भिंतीलगत पुन्हा नोंद घ्यावी, तेथे संदेश अडतो किंवा परावर्तित होतो.
४) ट्रॅक्टर एका रेषेत नेऊन त्याच रेषेने परत आणावा. दोन चाकोऱ्यांतील अंतर टेपने मोजावे.

भाड्याचे यंत्र असल्यास मालकासमोर दुसरी चाचणी करून मगच दर ठरवावा. हद्दीच्या वादात मात्र अशा मोजणीवर विसंबून बांध हलवू नये. भूमी अभिलेख खात्याकडून रीतसर मोजणी करून घ्यावी.