वापरलेल्या भागांचा घरगुती सौरसंच : तंजावरच्या संदर्भात खर्चाचा विचार

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे ‘गज’ चक्रीवादळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वेदारण्यमजवळ धडकले. व्यंकोजीराजांच्या राज्यामुळे मराठी वाचकांस परिचित असलेल्या तंजावर जिल्ह्यातही पट्टुकोट्टई, पेरावुरणी या भागांत नारळाच्या बागा भुईसपाट झाल्या. वादळग्रस्त जिल्ह्यांत मिळून एक लाखाहून अधिक विजेचे खांब बाधित झाले आणि अनेक खेडी कित्येक दिवस अंधारात राहिली. घरोघरी वीजजोडणी पोहोचणे आणि वीजपुरवठा भरवशाचा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून स्पष्ट झाले. वीजजाळ्यावर अवलंबून नसलेला सौरसंच अशा वेळी उपयोगी पडतो. परंतु नवा संच न परवडणाऱ्या कुटुंबास वापरलेल्या भागांचा पर्याय कितपत किफायतशीर ठरतो?

लाभ कशात आहे?

तमिळनाडूत २०१६ पासून घरगुती ग्राहकांस दर दोन महिन्यांच्या देयकातील पहिले १०० युनिट मोफत आहेत. त्यामुळे अल्प वापराच्या कुटुंबास सौरसंचामुळे वीजबिलात फारशी बचत होत नाही. त्याचा खरा लाभ पुरवठा खंडित झाला असता मिळणारा दिवा, पंखा व मोबाइलचे चार्जिंग हा आहे. म्हणजेच या खर्चाचे स्वरूप विम्याच्या हप्त्यासारखे आहे.

शासकीय साहाय्याची दिशा मात्र वेगळी आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजने’त ३ किलोवॉट व त्यापुढील संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते; परंतु ते वीजजाळ्याशी जोडलेल्या, देशी बनावटीच्या नव्या पॅनेलांच्या संचासाठी असते. वापरलेल्या भागांचा खर्च कुटुंबासच सोसावा लागतो.

गरजेचे गणित

नऊ वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास चालविल्यास १८० वॉट-तास, २८ वॉटचा बीएलडीसी पंखा दहा तास चालविल्यास २८० वॉट-तास आणि मोबाइलसाठी २० वॉट-तास, अशी रोजची गरज ४८० वॉट-तास होते. सुमारे ३० टक्के गळती धरल्यास पॅनेलने रोज जवळपास ६९० वॉट-तास निर्माण केले पाहिजेत.

रोज पाच तास पूर्ण ऊन धरले तर १४० वॉटचे पॅनेल पुरते. परंतु तंजावरला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो आणि चक्रीवादळेही प्रामुख्याने त्याच काळात येतात. ज्या दिवसांसाठी संच हवा, नेमके त्याच दिवसांत ऊन कमी असते. म्हणून हिशेब तीन तासांचा धरावा. मग २३० वॉट लागतात. मूळ ३३० वॉटच्या जुन्या पॅनेलची क्षमता ८० टक्के उरली असेल, तर २६४ वॉट मिळतात व गरज भागते.

काय जुने चालेल, काय नाही?

सिलिकॉन पॅनेलची क्षमता वर्षाला साधारणपणे अर्धा ते एक टक्का घटते. त्यामुळे काच न तडकलेले व जळल्याचे डाग नसलेले जुने पॅनेल दुपारच्या उन्हात मल्टीमीटरने तपासून घेण्यास हरकत नाही. ७२ घटांचे पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडताना एमपीपीटी नियंत्रक वापरावा. साध्या नियंत्रकात जवळपास निम्मी शक्ती वाया जाते.

बॅटरीचे अर्थशास्त्र याच्या उलट आहे. उदाहरणादाखल, नवी बॅटरी १५,००० रुपयांस मिळून पाच वर्षे टिकली, तर ती ८७६ युनिट वीज पुरवते. म्हणजे प्रतियुनिट सुमारे १७ रुपये पडतात. जुनी बॅटरी ५,००० रुपयांस मिळून वर्षभरच चालली, तर १७५ युनिटांसाठी प्रतियुनिट साडेअठ्ठावीस रुपये पडतात. ३,००० रुपयांचे जुने पॅनेल दहा वर्षे चालल्यास हाच आकडा दोन रुपयांच्याही आत राहतो. तात्पर्य, पॅनेल जुने चालेल, बॅटरी शक्यतो नवी घ्यावी. फ्यूज, तारा व नियंत्रक यांत काटकसर करू नये. संचाची जोडणी वीज मंडळाच्या तारांपासून पूर्णतः अलग ठेवावी. अन्यथा वादळानंतर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवास धोका संभवतो.

पर्यावरणाची बाजू

पुनर्वापरामुळे पॅनेलचे आयुष्य वाढते, परंतु कचऱ्याचा प्रश्न केवळ पुढे ढकलला जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलांचा समावेश असून, २०३४-३५ पर्यंतचा असा कचरा साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार निकामी बॅटऱ्या परत गोळा करण्याचे दायित्वही उत्पादकांवरच आहे. शिसे-आम्ल बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळविल्यास शिशाचे विष माती, पाणी व लहान मुलांच्या शरीरात शिरते. स्वस्त प्रकाशाची ही सामाजिक किंमत बाजारभावात दिसत नाही; अर्थशास्त्रात तिला बाह्य परिणाम म्हणतात.

निष्कर्ष

जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांनी तंजावरसारखाच दीर्घ अंधार अनुभवला. किनारी प्रदेशांत ऊर्जासुरक्षेचा विचार करताना जोडण्यांच्या संख्येइतकेच पुरवठ्याच्या सातत्यास महत्त्व द्यावे लागेल. सुस्थितीतील वापरलेल्या पॅनेलांची तपासणी करून त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोय झाली आणि बॅटरीसाठी अल्प व्याजाचे कर्ज मिळाले, तर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनाही हा विमा पेलता येईल.