विजेची वाट

रब्बीचा हंगाम आला, की परभणी जिल्ह्यातील कित्येक शेतकऱ्यांच्या रात्री वर्षानुवर्षे शिवारातच सरत. पंपाला वीज आळीपाळीने मिळे. पाळी रात्रीची असली, म्हणजे हाती बॅटरी घेऊन, अंगावर घोंगडी ओढून, विंचू-सापाच्या भयाने जपून पाऊल टाकीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यावे लागे. ज्या भूमीवर दिवसभर लख्ख ऊन पडते, तेथे शेतकऱ्याने रात्र का जागावी?

वीज दूरच्या औष्णिक केंद्रांत तयार होऊन लांबलांबच्या तारांवाटे येई. कारखाने, घरे व पंप यांची मागणी एकदम आली, तर ती पुरी पडत नसे. म्हणून शेतीची पाळी रात्रीवर ढकलली जाई. यावर उपाय म्हणून राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आरंभिली. गावाजवळच्या उपकेंद्राशी सौरप्रकल्प जोडावयाचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला दिवसा द्यावयाची, ही तिची कल्पना होय.

परंतु केवळ सौरपट्ट मांडून काम भागत नाही. जायकवाडीचा डावा कालवा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पाणी वरून खाली वाहते. म्हणून कालवा मुखाशी रुंद असतो व पुढे शेताकडे जाणाऱ्या चाऱ्या अरुंद होत जातात. विजेचे जाळेही असेच बांधलेले आहे. मोठे केंद्र मुखाशी, गावची डी.पी. शेवटी. आता त्या अरुंद चारीच्या टोकाशीच मोठा झरा फुटला, तर ते पाणी वर कसे चढावे? सौरप्रकल्पांनी नेमका हाच प्रश्न उभा केला आहे.

हिशेब करून पाहा. पाच अश्वशक्तीच्या पंपास सुमारे पावणेचार किलोवॅट वीज लागते. म्हणजे ५ मेगावॅटच्या प्रकल्पावर भर दुपारी सुमारे १,३०० पंप चालू शकतील. पण चांगला पाऊस होऊन आकाश निवळले, की पंप बंद आणि ऊन मात्र कडक! मग ती वीज उपकेंद्रातून उलट वरच्या वाहिनीकडे धावते. तारांतील दाब वाढतो. तेथील रोहित्र हा भार पेलण्याजोगे नसेल, तर प्रकल्प थांबवावा लागतो व ऊन वाया जाते. म्हणून नियोजन करणारा अभियंता दोन वेळांचा विचार आधी करतो. ऊन सर्वाधिक व मागणी सर्वांत कमी, ती एक. आणि सूर्य मावळून घरोघर दिवे लागतात, ती दुसरी. येलदरीला पूर्णेचे पाणी अडवून त्यापासून वीज करतात. पाणी धरणात थांबते. ऊन थांबत नाही. त्याची वीज विद्युत्घटांत साठवावी लागते, अथवा सायंकाळची वीज अन्य केंद्रांतून आणावी लागते.

हे सारे आधी योजिले, तर लाभ दुहेरी आहे. वीज गावाजवळच निर्माण झाल्याने लांबच्या तारांत वाया जाणारा अंश घटतो. आणि शेतकरी दिवसा पाणी देऊन रात्री घरी निजू शकतो. सुज्ञ शेतकरी पीक कापण्यापूर्वी खळे सारवून ठेवतो. खळे तयार नसता आलेली रास मातीत जाते. वाट तयार नसता आलेल्या विजेचीही तीच गत होते.

स्वाध्याय

१. शेतीला रात्री वीज देण्याचे कारण कोणते होते?
२. कालवा व विजेचे जाळे यांतील साम्य स्पष्ट करा.
३. ‘पाणी धरणात थांबते, ऊन थांबत नाही.’ या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावची डी.पी. कोणत्या उपकेंद्राशी जोडलेली आहे, याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करा व तारांच्या वाटेचा नकाशा काढा.