मशीन थकेल, स्क्रीन उरेल

पुणे

चि. मुक्ता,



आयमॅक, एचपी आणि लेनोव्हो, अशी ऑल-इन-वन संगणकांची तुझी तिन्ही कोटेशनं मिळाली. खाली तू विचारलं आहेस, ‘मामा, यातलं फास्ट कुठलं?’ दुकानदारालाही हाच प्रश्न आवडतो, कारण त्याचं उत्तर खोक्यावरच छापलेलं असतं. तुझं काम म्हणजे लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, एखादा दिवाळी अंक आणि संध्याकाळी ताईचं टॅली. नुसत्या वेगाचा विचार केला तर त्याला तिन्ही पुरतील. फक्त विंडोजवाल्या दोन्ही मशीनच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘यू’ हे अक्षर आहे, ते लक्षात घे. तो लॅपटॉपचा प्रोसेसर. आय-फाइव्ह १३३५यू मूळ १५ वॅटवर चालतो, टॉवरमधला त्याचाच भाऊ १३४०० हा ६५ वॅटवर. म्हणजे दिसायला डेस्कटॉप, पण आतून लॅपटॉप, आणि तोही बॅटरी नसलेला. लाइट गेली की काम गेलं. तेव्हा यूपीएसचे पैसे आजच हिशेबात धर. वीज कमी लागते, त्यामुळे लहानसा यूपीएसही पुरेल.

आता मुद्द्याचं. ऑल-इन-वन घेताना कंपन्यांची तुलना वेगावर करू नये, स्क्रीनवर करावी. आणि स्क्रीनचंही नुसतं आजचं रूप पाहू नये, मशीन म्हातारं झाल्यावर तिचं काय होणार ते विचारावं. संगणक पाचसहा वर्षांत मागे पडतो. चांगली स्क्रीन दहा वर्षं सहज जाते. ही दोन वेगवेगळ्या आयुष्यांची माणसं एका खोक्यात बांधलेली असतात, आणि कुठली कंपनी त्यांना सुखाने वेगळं होऊ देते, त्यावर माझं मत ठरतं.

ॲपलचंच घे. २००९ ते २०१४ या काळातले बरेच आयमॅक दुसऱ्या संगणकाला केबलने जोडून नुसती स्क्रीन म्हणून वापरता येत. ‘टार्गेट डिस्प्ले मोड’ म्हणायचे त्याला. २०१४च्या शेवटी फाइव्ह-के स्क्रीनचा आयमॅक आला, त्यात ही सोय नव्हती आणि पुढेही ती परतली नाही. आजच्या चोवीस इंची आयमॅकवर दुसऱ्या मॅकचं चित्र वायरलेसने आणता येतं, पण केबल लावून त्याचा मॉनिटर होत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली सरफेस स्टुडिओ काढला. अठ्ठावीस इंची, ४५०० बाय ३००० पिक्सेलची, टेबलावर आडवी होणारी देखणी स्क्रीन, आणि तळाशी लॅपटॉपच्या जातीचा संगणक. त्या स्क्रीनलाही बाहेरून चित्र घ्यायची वाट नव्हती. २०२४मध्ये तो प्रकार बंदच झाला. स्क्रीन अजून ठणठणीत, पण आतल्या संगणकाबरोबर तीही अडकली.

उलट उदाहरणही आहे. लेनोव्होचं ‘थिंकसेंटर टायनी-इन-वन’ म्हणजे एक मॉनिटर, ज्याच्या पाठीत लिटरभर आकाराचा छोटा संगणक सरकवून बसवायचा. संगणक थकला की तो काढायचा आणि त्या मॉनिटरला चालणारा नवा सरकवायचा. हे कंपन्यांच्या ऑफिसांसाठी विकतात, त्यामुळे शोरूमच्या काचेत क्वचितच दिसतं. तुझ्या डीलरला विचार. तो ‘ते कॉर्पोरेटचं असतं मॅडम’ म्हणेल. म्हणू दे, मागवता येतं का एवढंच बघ.

घरगुती मॉडेलांत डेलच्या इन्स्पिरॉनसारख्या काहींना ‘एचडीएमआय-इन’ असतं. विक्रेता हमखास घोळ करतो तो इथेच. तू विचारशील, एचडीएमआय आहे का? तो म्हणेल, आहे ना! पण ते बहुधा ‘आउट’ असतं, दुसरा मॉनिटर जोडण्यासाठी. दोन्ही भोकं दिसायला सारखीच. म्हणून शब्दावर जाऊ नकोस. तुझा जुना लॅपटॉप आणि केबल दुकानात ने, जोड, ऑल-इन-वन चालू न करता नुसती स्क्रीन लागते का ते बघ. लागली तर ते मशीन म्हातारं झाल्यावरही मॉनिटर म्हणून राहील. अर्थात हा इलाज म्हातारपणावर आहे, जळण्यावर नाही. आतला बोर्ड जळाला तर अनेकदा स्क्रीनलाही वीज मिळत नाही. एका दवाखान्यात असंच झालं होतं. काच धडधाकट, पण बोर्ड येईपर्यंत रिसेप्शनवरची मुलगी वहीत केसपेपर लिहीत बसली. सुटा मॉनिटर असता तर शेजारून एखादा सीपीयू आणून तासाभरात काम सुरू झालं असतं.

आयमॅकची भलामण मात्र मनापासून करतो, स्क्रीनपुरती. त्याची नावाला चोवीस, प्रत्यक्षात साडेतेवीस इंची स्क्रीन ४४८० बाय २५२० पिक्सेलची, म्हणजे इंचाला सुमारे २१८ पिक्सेल. लेनोव्होच्या कोटेशनातली २३.८ इंची फुल-एचडी इंचाला सुमारे ९३, आणि एचपीची सत्तावीस इंचीही फुल-एचडीच असल्याने जेमतेम ८२. म्हणजे मोठ्या स्क्रीनसाठी जास्त पैसे मोजून अक्षर आणखी जाडंभरडं. रोमन मजकुराला हे एक वेळ खपतं. आपल्या लिपीत रेषेच्या वर अनुस्वार, रफार, वेलांटी आणि खाली उकार, ऋकार. आठ-नऊ पॉइंटात ‘ष्ट्र’ आणि ‘द्ध’ ओळखू येतात ते अंदाजाने. अनुस्वार सुटला आहे की स्क्रीनवर धूळ आहे, हे बघायला बोटाने पुसावं लागतं. दिवसभर प्रुफं वाचणाऱ्या डोळ्यांना हा फरक कुठल्याही प्रोसेसरपेक्षा मोठा. रंगांबाबत तेवढी सावध राहा. ५०० निट्सच्या उजेडात पत्रिकेतला कुंकवाचा लाल झळकतो, आणि ऑफसेटवरून उतरला की गिऱ्हाईक ‘फिका आला’ म्हणून भांडतं. ब्राइटनेस उतरवून काम करायची सवय लाव.

तरीही तुला आयमॅक घे म्हणत नाही. किंमत हे एक कारण, एम-फोर आयमॅक भारतात आला तोच १,३४,९०० रुपयांपासून. शिवाय मेमरी जन्माची असते, आज १६ जीबी घेतलीस तर शेवटपर्यंत १६च. बहुतेक विंडोज ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपच्या मेमरीच्या पट्ट्या बदलता येतात. (मागचं कव्हर उघडल्यावर वॉरंटी राहते का, हे लेखी घे.) पण खरं कारण तुझं काम. टॅली विंडोजवर चालतं. तू ज्या प्रेसची गिऱ्हाइकं घेणार आहेस, त्यांच्या जुन्या फाइली पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व फॉन्टांत असणार. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. एम मालिकेच्या मॅकवर पूर्वीसारखं बूटकॅम्पने विंडोज टाकता येत नाही. पॅरलल्समधून चालतं ते एआरएम विंडोज, आणि जुन्या सॉफ्टवेअरचं यूएसबी डोंगल तिथे ओळखलं जाईल याचा भरवसा नाही. जाता जाता, आयमॅकचा माउस चार्ज करायचा तर पालथा घालावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ चहाच प्यायचा. इतक्या हुशार लोकांना हे इतकी वर्षं सुचू नये!

नात्यातले कोणी जुनं ऑल-इन-वन स्वस्तात देतो म्हणत असतील तर आधी प्रोसेसर विचार. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा असेल तर विंडोज ११ त्याला सहसा अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

तेव्हा एचपीचं कोटेशन बाजूला ठेव. लेनोव्होकडून टायनी-इन-वनचा भाव काढ. नाही जमलं तर ऑल-इन-वनचा हट्ट सोड आणि एक छोटा विंडोज संगणक व सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर घे. संगणक मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने बसवता येतो. काउंटरवर वायर दिसू नये ही तुझी अट त्यातही पाळली जाईल. तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घे आणि इंजिनिअर सांगलीत येतो की मशीन पुण्याला पाठवावं लागतं, ते कंपनीच्या हेल्पलाइनवरून विचार, दुकानदाराकडून नको. बिल फर्मच्या नावावर कर.

पुढच्या महिन्यात मी सांगलीला येतोय. पप्पांच्या कपाटात जुन्या फॉन्टांच्या सीड्या असतील, त्या आणि डोंगल शोधून ठेव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा