राखणीची कुत्री : गाभणकाळ, वीण आणि पिल्लांची निगा

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन निघाले की हरभऱ्याची पेरणी होते, तुरीला फुले लागतात आणि जागलीचे दिवस सुरू होतात. रोही, रानडुकरे आणि हरणे एका रात्रीत एकराचे पीक लोळवतात. अशा वेळी शेतकऱ्याच्या सोबतीला असते ती गावठी कुत्री. ती भुंकली म्हणून माणूस जागा होतो. परंतु आपल्याकडे बहुतेक गावठी कुत्र्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात आणि कार्तिक ते पौष या थंडीच्या दिवसांत वितात. म्हणजे ज्या महिन्यांत राखणीची गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्याच महिन्यांत ती अवघडलेली किंवा लेकुरवाळी असते.

मी कृषिविद्या हा विषय शिकवतो, पशुवैद्यक नाही. तरीही हा लेख लिहिण्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी मंगरूळपीर तालुक्यातील आमच्या शेतावरची कुत्री डिसेंबरच्या एका रात्री तुरीच्या धुऱ्यावर व्याली. सकाळी सहापैकी दोन पिल्ले गारठून मेलेली आढळली. तिसरे थंडगार पडले होते, पण जिवंत होते. मी घाईने गाईच्या दुधात पाणी घालून चमच्याने त्याला पाजले. तासाभरात तेही गेले. पुढे पशुवैद्यकांनी सांगितले, "पिल्लू आधी गरम करायचे, मग पाजायचे." एवढी एक गोष्ट ठाऊक असती तर ते पिल्लू कदाचित वाचले असते. आपल्याकडून ही चूक होऊ नये, म्हणून पुढील माहिती दिली आहे.

दिवस मोजण्याची रीत

कुत्रीचा गाभणकाळ सरासरी ६३ दिवसांचा, म्हणजे नऊ आठवड्यांचा असतो. ५८ ते ६८ दिवसांत केव्हाही ती विऊ शकते. कुत्री लागल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, १० सप्टेंबरला लागलेली कुत्री १२ नोव्हेंबरच्या सुमारास विते. तारीख माहीत नसल्यास पोटाकडे व सडांकडे लक्ष ठेवावे. पाचव्या आठवड्यानंतर पोट दिसू लागते, सातव्या आठवड्यापर्यंत सड भरतात आणि विण्याच्या काही दिवस आधी सडांत दूध उतरते.

शेवटच्या तीन आठवड्यांतील आहार

पिल्लांची खरी वाढ शेवटच्या तीन आठवड्यांत होते. या काळात आहार हळूहळू वाढवून दीडपटीपर्यंत न्यावा. पोटात जागा कमी असल्यामुळे एकदम खाऊ न घालता दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर भागत नाही. भाकरीबरोबर घट्ट वरण, उकडलेले अंडे, शिजवलेले मांस किंवा मासळी यांपैकी जे परवडेल ते द्यावे. स्वच्छ पाणी सतत समोर असावे.

कांदा-लसणाची भाजी घालू नये, कांद्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. कत्तलीनंतरचे कच्चे आतडे, यकृत किंवा फुफ्फुस खाऊ घालू नये. त्यातून कुत्र्याला जंत होतात व त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास गंभीर गाठी होतात.

गाभण कुत्रीला आपल्या मनाने कॅल्शियमचे औषध पाजू नये. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतील साठा वापरण्याची शरीराची सवय मंदावते आणि दूध वाढल्यावर तिला झटके येण्याचा धोका उलट वाढतो.

जंत, गोचीड आणि शेतातील विषे

गोल जंताच्या अळ्या आईच्या पोटातच पिल्लांत शिरतात आणि पुढे दुधातूनही जातात. म्हणून गाभणकाळातच पशुवैद्यकांच्या सल्ल्याने सुरक्षित जंतनाशक द्यावे.

गोचीड मारण्यासाठी पिकावर फवारायचे कीडनाशक कुत्रीच्या अंगाला कधीही लावू नये. ते कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जाते. त्यात आईही दगावते व पिल्लेही. फवारणीच्या दिवशी कुत्रीला शेतात नेऊ नये. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवले असल्यास मेलेले उंदीर रोज उचलून खोल पुरावेत.

विण्याची जागा

विण्याच्या दोन आठवडे आधी कुत्रीची जागल बंद करावी आणि तिला घराच्या किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात आणावे. जागा कोरडी, वाऱ्यापासून आडोशाची आणि वर्दळीपासून दूर असावी. साधारण चार फूट लांब व तीन फूट रुंद अशी फळ्यांची चौकट करावी. आतल्या बाजूने जमिनीपासून चार बोटांवर बांबूची आडवी पट्टी ठोकावी. आई भिंतीला टेकून बसली तरी पट्टीखालच्या जागेमुळे पिल्लू चिरडत नाही.

खाली जुनी सुती धोतरे किंवा गोधडी अंथरावी व रोज बदलावी. सोयाबीनचे कुटार अंथरू नये, ते टोचते आणि त्याची धूळ नाकात जाते. फाटक्या बारदानाच्या सुतळ्या पिल्लांच्या पायांत व मानेत अडकतात, म्हणून तेही उघडे वापरू नये.

वेळ जवळ आल्याची लक्षणे

कुत्रीचे तापमान एरवी १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. शेवटच्या आठवड्यात थर्मामीटरला तेल लावून गुदद्वारातून सकाळ-संध्याकाळ तापमान मोजावे. ते ९९ अंशांच्या खाली उतरले की बहुधा २४ तासांत कुत्री विते. ती अस्वस्थ होते, जमीन उकरते, धापा टाकते आणि खाणे सोडते. ही पहिली अवस्था साधारण ६ ते १२ तासांची असते. या वेळी गर्दी करू नये. ओळखीच्या एकाच माणसाने शांत बसावे.

वीण सुरू झाल्यावर

बहुतेक गावठी कुत्र्या कुणाच्याही मदतीशिवाय वितात. दोन पिल्लांत साधारण अर्धा ते एक तासाचे अंतर असते. काही पिल्ले मागच्या पायांकडून येतात, त्याने घाबरून जाऊ नये. प्रत्येक पिल्लाबरोबर किंवा नंतर वार पडते, ती मोजावी.

आईने पिल्लावरील पातळ पिशवी लगेच फाडली नाही तर आपण स्वच्छ हातांनी फाडावी. नाक-तोंड पुसून कोरड्या फडक्याने पाठ चोळावी. पिल्लू रडले की आईजवळ ठेवावे. पिल्लाला धरून झोके देऊ नयेत, त्याने मेंदूला इजा होते. नाळ तुटली नसल्यास पोटापासून साधारण एक इंचावर उकळलेल्या दोऱ्याने बांधावी, दोऱ्याच्या पलीकडे कापावी व टोकाला टिंक्चर आयोडीन लावावे.

पुढीलपैकी काहीही दिसल्यास तत्काळ पशुवैद्यकांना बोलवावे :

१) जोरदार कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर न येणे.
२) पोटात पिल्ले असूनही दोन तासांपेक्षा जास्त वेळ पुढचे पिल्लू न येणे.
३) पहिले पिल्लू येण्यापूर्वीच हिरवट-काळा स्राव जाणे. पिल्लू आल्यानंतरचा हिरवट स्राव मात्र नेहमीचा असतो.
४) पिल्लू अर्धे बाहेर येऊन अडकणे.
५) ७० दिवस होऊनही कळा न येणे.

गाई-म्हशींना पान्हा सोडण्यासाठी काही जण जे इंजेक्शन टोचतात, ते अडलेल्या कुत्रीला आपण टोचू नये. पिल्लू आडवे असेल तर त्या कळांनी गर्भाशय फाटते.

पहिला आठवडा : ऊब आणि चीक

नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याजवळची हवा २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावी. पौषातल्या रात्री आपल्या भागात पारा यापेक्षा कितीतरी खाली असतो. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवाव्यात, म्हणजे उकडल्यास पिल्लांना दूर सरकता येईल. बल्ब लावल्यास तो कुटार व कपड्यांपासून दूर आणि पक्का बांधावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या विषारी वायूने आई व पिल्ले गुदमरतात.

जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा १२ तासांच्या आत, प्रत्येक पिल्लाने आईचा चीक प्यायलाच पाहिजे. रोगप्रतिकाराची शक्ती त्यातूनच मिळते. अशक्त पिल्लू मागच्या, जास्त दूध असलेल्या सडाला लावावे.

पिल्लू थंड पडले असेल तर त्याला काहीही पाजू नये. थंड पोटात दूध पचत नाही, ते कुजते किंवा श्वासनलिकेत जाते. पिल्लाला आपल्या कपड्याच्या आत, छातीशी धरून हळूहळू गरम करावे. ते हालचाल करू लागले व तोंडात बोट दिल्यावर चोखू लागले की मग पाजावे.

आईविना पिल्ले

कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट स्निग्धांश व प्रथिने असतात. त्यामुळे गाईच्या दुधात पाणी घालणे म्हणजे पिल्लाला उपाशी ठेवणेच होय. बाजारात पिल्लांसाठी दुधाची भुकटी मिळते, ती सर्वांत चांगली. ती मिळेपर्यंत एक-दोन दिवस पाणी न घातलेल्या दुधात अंड्याचा पिवळा बलक मिसळून कोमट करून द्यावे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावे. पाजताना पिल्लू पोटावर असावे, पाठीवर नव्हे. पाजल्यावर ओल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसावे, त्याशिवाय ते लघवी-संडास करत नाही.

तराजूवर पिल्लांचे रोज वजन करावे. ८ ते १० दिवसांत जन्मवजन दुप्पट झाले पाहिजे. सलग दोन दिवस वजन वाढले नाही तर काहीतरी बिघडले आहे, असे समजावे. डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात, ते बोटांनी उघडू नयेत.

लेकुरवाळ्या आईची काळजी

दूध पाजणाऱ्या आईला नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट आहार लागतो. सड रोज पाहावेत. सड कडक, तापलेला व लाल असल्यास किंवा स्रावाला घाण वास येऊन ताप असल्यास उपचार लवकर करावेत.

साधारण दोन-तीन आठवड्यांनी, दूध भरात असताना, आई थरथरू लागली, पाय ताठ टाकून चालू लागली आणि जोरात धापा टाकू लागली, तर रक्तातील कॅल्शियम घटले आहे असे समजावे. हा तातडीचा आजार आहे. पिल्ले दूर करून तिला त्याच वेळी दवाखान्यात न्यावे. शिरेतून कॅल्शियम मिळाल्यास ती वाचते, सकाळची वाट पाहिल्यास दगावते.

लसीकरण आणि पुढील नियोजन

दोन, चार, सहा व आठ आठवड्यांना पिल्लांचे जंतनिर्मूलन करावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुधात कुस्करलेली भाकर व वरण सुरू करावे. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू कोणाला देऊ नये. सहा ते आठ आठवड्यांना पार्व्हो व डिस्टेंपरची लस सुरू करावी आणि तीन महिन्यांना रेबीजची लस टोचावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा. भारतातून कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत हटविण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला आहे. त्याची सुरुवात आपल्या अंगणातूनच होते.

पिल्लांना घर मिळण्याची खात्री नसेल तर दूध आटल्यावर आईची नसबंदी करून घ्यावी. नसबंदी झालेली कुत्री राखणीत कमी पडत नाही, उलट ऐन हंगामात ती धुऱ्यावर हजर असते. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याशेजारच्या शेतकऱ्यांनी कुत्री मोकाट सोडू नये. काळविटांची पाडसे तिच्या तावडीत सापडतात.

सल्ल्यासाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आहेच. अवघड बाळंतपणासाठी अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्याला जवळची आहे. कुत्री विण्याच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा आणि रात्री जाण्यासाठी गाडीची सोय आधीच पाहून ठेवावी.

वर्षभर जी आपले पीक राखते, तिची वर्षातले दोन महिने आपण राखण करावी. एवढे तिचे आपल्यावर देणे आहे.