‘चौपाटी’, ‘खाऊ’ आणि ‘कलेवा’ : रात्रीच्या खाद्यबाजाराची शब्दसृष्टी

मध्य भारतातील शहरांत उद्यानालगत किंवा मोकळ्या मैदानावर संध्याकाळनंतर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात आणि मुलांबाळांसह कुटुंबे तेथे जमतात. अशा जागेला रायपूरपासून इंदुरापर्यंत ‘चौपाटी’ म्हटले जाते. समुद्रापासून इतक्या दूर हा शब्द रुजावा, आणि तोही वाळू, भरती-ओहोटी यांचा सर्व अर्थ गाळून, ही भाषाभ्यासकाने थांबून पाहावी अशी घटना आहे.

मुंबईच्या जुन्या गॅझेटिअरने ‘चौपाटी’ची व्युत्पत्ती चार पाट, म्हणजे चार प्रवाह, अशी दिली असून त्यासाठी ‘सातपाटी’ या गावनावाचा दाखला जोडला आहे. म्हणजे मुळात हे पाण्याचे नाव. गिरगावच्या किनाऱ्याला ते चिकटले आणि पुढे त्या किनाऱ्याच्या सार्वजनिक जीवनाचे नाव झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांवर अंत्यसंस्कार झाले ते याच वाळूवर; राष्ट्रीय चळवळीतील सभाही येथेच भरल्या. त्याच वाळूवर भेळेच्या गाड्या उभ्या राहिल्या. शब्द जेव्हा मुंबईबाहेर पडला तेव्हा मात्र त्याने सभा मागे ठेवल्या आणि गाड्या तेवढ्या बरोबर घेतल्या. इंदुरातील मेघदूत उद्यानालगतचा खाद्यबाजार ‘चौपाटी’ या नावाने ओळखला गेला, त्यामागे समुद्राची आठवण असण्याचे काही कारण नाही. भूगोलवाचक शब्द व्यवहारवाचक झाला, इतकेच.

रात्रीचा बाजार ही काही नवी कल्पना नव्हे. प्राचीन तमिळ ‘मदुरैक्कांजी’ या काव्यात मदुरेचे दिवसाचे आणि रात्रीचे बाजार वेगवेगळे वर्णिले आहेत. ‘नाळंगाडि’ आणि ‘अल्लंगाडि’ अशी त्यांना स्वतंत्र नावेही आहेत. मराठीत अशी जोडी दिसत नाही. मराठीने वेळेऐवजी खाणाऱ्याकडे पाहून शब्द घडविले. पंगत ही घराची, देवळाची, कार्याची. तीत कोण कोठे बसणार हे पान वाढण्यापूर्वीच ठरलेले. खाणावळ ही घर मागे ठेवून आलेल्या पुरुषाची. आणि ‘खाऊ’ हा मुलांचा. बाजारातून परतणाऱ्या वडीलधाऱ्याने आणावयाचा, पुडीत बांधलेला, भुकेसाठी नव्हे तर कौतुकासाठी असलेला. मोठ्या माणसासाठी कोणी ‘खाऊ’ आणला तर तो शब्द थट्टेनेच वापरला जातो. म्हणून ‘खाऊगल्ली’ हा समास विशेष लक्षणीय ठरतो. प्रौढांनी उघड्यावर उभे राहून खाण्याला या समासाने मुलांच्या शब्दाचा आडोसा दिला. हिंदीतील ‘चाट’मध्ये जिभेची क्रिया सरळ सांगितली आहे, मराठीने ती लेकराच्या नावावर घातली.

असा आडोसा का लागला, याचे उत्तर भाषेत कमी आणि समाजेतिहासात अधिक आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाने न्यायमूर्ती रानडे व टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आणला. चहाच्या पेल्यापेक्षा तो कोणाच्या हातचा होता हा प्रश्न मोठा होता. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांना सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३३ साली रत्नागिरीत सावरकरांनी सर्व हिंदूंसाठी उपाहारगृह काढले, तेव्हा त्याच्या नावातच ‘अखिल’ हा शब्द घालावा लागला. साध्या ‘उपाहारगृहा’त सर्वांचा समावेश गृहीत नव्हता, हे त्या एका विशेषणावरून कळते. या पार्श्वभूमीवर चौपाटीकडे पाहिले म्हणजे तिचे वैशिष्ट्य ध्यानात येते. तेथे पंगत नाही. कोणी उभे, कोणी गवतावर, कोणी स्कूटरला टेकून. शेजारी कोण आहे हे विचारण्याची सोय नाही आणि गरजही पडत नाही. बायका रात्री घराबाहेर, स्वतः न रांधलेले अन्न, मुलांना घेऊन उघड्यावर खातात, ही गोष्ट पंगतीच्या व्यवस्थेत बसणारी नव्हे. समतेचा जाहीरनामा कोणी तेथे लावलेला नसतो; पाणीपुरीची रांग तेवढी असते. (गाडीवाला कोण, आणि कोणाच्या गाडीवर गर्दी होत नाही, हा प्रश्न मात्र तेथेही संपलेला आहे असे मानू नये.)

इंदूरचा सराफा या बाबतीत वेगळ्या तऱ्हेचा नमुना आहे. दिवसा दागिन्यांची पेढी, रात्री त्याच बंद दुकानांच्या पायऱ्यांपुढे खाद्यबाजार. गर्दीमुळे दुकानांची राखण आपोआप होते, असे त्याचे कारण सांगण्यात येते. होळकरांच्या या शहरातील ‘भुट्टे का कीस’ या पदार्थाच्या नावात ‘कीस’ ऐकताच मराठी कानाला किसणी आठवते. राज्ये गेली, स्वयंपाकघरातील क्रियापदे राहिली.

छत्तीसगडात मराठी भाषेचा इतिहास याहून जुना नसला तरी कमी खोलही नाही. बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून कारभार केला. पुढे १९०० साली माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, आणि मातृभाषा मराठी असलेला हा लेखक हिंदी गद्याच्या उभारणीत मानाचे स्थान मिळवून गेला. अशा प्रदेशात मुंबईचा एक शब्द रुजावा यात नवल नाही. नवल याचे की, तेथे त्याला प्रतिशब्दही उभा राहिला. २६ जानेवारी २०१६ रोजी रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात ‘गढकलेवा’ सुरू झाले. ते केवळ रात्रीचे नव्हे. पण झाडांखाली, मोकळ्यावर, कुटुंबासह खाण्याची कल्पना तीच. ‘कलेवा’ म्हणजे सकाळची न्याहारी, ‘गढ’ म्हणजे छत्तीस गडांचा प्रदेश. चौपाटीवर पदार्थ कोठलाही चालतो. येथे मात्र चीला, फरा, चौसेला, ठेठरी, खुरमी, अइरसा. तांदूळपीठ आणि गूळ यांचा तळलेला अइरसा पाहून मराठी माणसाला दिवाळीतला अनारसा ओळखीचा वाटेल. सणाच्या दिवशी घरात होणारा पदार्थ येथे कोणत्याही दिवशी, पैसे देऊन मिळतो, आणि तो महिला बचत गट चालवितो. रांधणारी बाई माजघरातून गल्ल्यापर्यंत आली. खाणाऱ्या बाईच्या बाहेर येण्यापेक्षा हे पाऊल मोठे आहे.

दोन शब्दांमधील हा भेद रायपुरातील वादांतही उमटला. विज्ञान महाविद्यालयाच्या परिसरातील चौपाटीला २०२२ साली विरोध झाला, तेव्हा शिक्षणसंस्थांच्या परिसरातील मोकळी जागा कोणाची, हा मुद्दा पुढे आला. ‘चौपाटी’ म्हटले की डोळ्यांसमोर गर्दी, गोंगाट, उष्ट्या द्रोणांचा ढीग येतो; ‘गढकलेवा’ म्हटले की संस्कृती येते. पहिल्यावर अतिक्रमणाचा आरोप होतो, दुसऱ्याला शासनाचे आवार मिळते. वस्तुतः दोन्हीकडे चुलीपाशी उभे राहणाऱ्यांची उपजीविका सारखीच नाजूक असते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्याला प्रमाणपत्र आणि नेमलेली जागा देण्याची तरतूद केली खरी, परंतु लोकमतात त्याचे स्थान पुष्कळदा नावावरूनच ठरते.

रायपूरच्या उत्तरेस बिलासपूर रस्त्यावरील सिलतरा येथे हा प्रश्न आणखी निराळा होतो. स्पंज आयर्न आणि पोलाद यांच्या कारखान्यांची ही वसाहत. भट्टी रात्री विझविता येत नाही. म्हणून तेथे ‘रात्र’ हा शब्द प्रथम पाळीचा आहे, विरंगुळ्याचा नंतर. पाळीवरून सुटलेल्या मजुराला जे लागते ते खाणावळीच्या जातीचे अन्न: पोटभर, झटपट, एकट्याने खावयाचे. उद्यानातील चौपाटीला मात्र असे कुटुंब गृहीत धरावे लागते की ज्यातील सर्व माणसे एकाच संध्याकाळी मोकळी आहेत. पाळीच्या गावी ती संध्याकाळ घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी मिळते. तेथील मुलाच्या हाती खाऊची पुडी पडते ती बहुधा पहाटे, बाप घरी परततो तेव्हा.